दूध सोडलं, मग कॉफीही सोडायची का?

पत्र थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचा हा प्रश्न आहे. वय अठ्ठेचाळीस. कॉफीची आवड लहानपणापासूनची, तीही दाट दुधाची, जायफळ घातलेली. दोन वर्षांपूर्वी पोटाच्या तक्रारी वाढल्या आणि दुधातली साखर आता पचत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी त्या सोयाचं नाहीतर ओट्सचं पेय घालून भागवतात. अडचण येते ती प्रवासात. मे महिन्यात दीर-जावेबरोबर गोव्याला जाताना त्यांनी पहाटे स्टँडवर उपाशीपोटी मशीनची कॉफी घेतली, पुढे हॉटेलात आणखी एक, आणि आंबोली घाटात गाडी दोनदा थांबवावी लागली. जाऊबाई म्हणाल्या, "एवढं काय ते पथ्याचं कौतुक!" आता दिवाळीच्या सुट्टीत याच मंडळींबरोबर चिकमगळूर आणि कुर्गला जायचं ठरलंय. त्या विचारतात, "कॉफीच्या गावाला जाऊन मी लिंबूसरबत प्यायचं का? तेवढे दिवस कॉफी सोडू, पुडकी वागवू, गोळी घेऊ, की प्यायची आणि होईल ते सोसायचं? काळी कॉफी मला औषधासारखी लागते. आणि जागोजागी 'दूध नको' सांगायची लाज वाटते."

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही चार वाटा मांडल्या आहेत, पण चारही वाटांवर एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात: खरी कॉफी दुधाचीच, बाकी सगळी तडजोड. ते मनात का बसलं हे मला कळतं. आपल्याकडे कॉफी म्हणजे मुळात गोड, आटवलेलं दूध. त्यात चमचाभर पूड आणि वरून जायफळ-वेलची. रात्रीच्या जागरणाला हीच, पाहुण्यांना हीच, तापातून उठलेल्या माणसालाही हीच. लागते छानच. पण तिची चव दुधाची आणि जायफळाची असते, कॉफी तिथे नावापुरती. त्याच पुडीची कॉफी दूध न घालता केली तर कपात कडवट पाणी उरतं. ते औषधासारखं लागलं यात तुमच्या जिभेचा काहीच दोष नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की नेहमीच्या कॉफीतून दूध वजा केलं म्हणजे बिनदुधाची चांगली कॉफी होत नाही. ती दाण्यापासून वेगळी निवडावी लागते आणि वेगळ्या रीतीने करावी लागते. तुम्ही ज्या मुलखात निघाला आहात तिथे तर ती पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे.

पण आधी पोटाचं बोलू. आंबोलीत झालं त्याचा सगळा ठपका तुम्ही दुधावर ठेवलात. दुधाचा वाटा आहेच. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) लागतं आणि बालपणानंतर पुष्कळ माणसांत ते कमी होत जातं. मग न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू ती आंबवतात, आणि गॅस, कळा, जुलाब सुरू होतात. दूध उकळल्याने लॅक्टोज जात नाही. आटवल्याने तर पाणी उडतं आणि लॅक्टोज अधिक दाट होतं. गायीचं की म्हशीचं, या वादालाही इथे अर्थ नाही. दोन्हींत 100 मिलिलिटरला साधारण 5 ग्रॅम लॅक्टोज असतं.

मात्र त्या पहाटेचा हिशेब नीट मांडून बघा. मशीनची कॉफी बहुधा प्रीमिक्सची असते, म्हणजे दुधाची भुकटी, साखर आणि इन्स्टंट कॉफी आधीच एकत्र केलेली. साय काढलेल्या दुधाच्या भुकटीत जवळजवळ निम्मं वजन लॅक्टोजचं असतं. त्यात पोट रिकामं. शिवाय कॉफी स्वतःच मोठ्या आतड्याला चालना देते, दूध असो वा नसो. सकाळच्या कपानंतर अनेकांना लगेच उठावं लागतं ते त्यामुळेच. पुडीत चिकोरी (कॉफीत मिसळतात ती एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड) असेल तर चिकोरीच्या मुळातलं इन्युलिन हे तंतुद्रव्यही काही नाजूक पोटांना गॅस करतं. आणि हे सगळं पोटात घेऊन तुम्ही घाटाच्या वळणांना लागलात. धडधाकट माणसालाही ते जड गेलं असतं.

हे एवढ्यासाठी सांगते की दूध बंद केलं म्हणजे काम झालं असं समजून तुम्ही चिकमगळूरच्या घाटात उपाशीपोटी दोन कडक कप घ्याल, पुन्हा त्रास होईल, आणि मग कॉफीच नको असं म्हणाल. तसं करू नका. आधी काहीतरी खा. पोळीची गुंडाळी, केळं, दोन इडल्या, काहीही चालेल. घाट चढायच्या आधीच्या तासात कॉफी नकोच. घाट संपला की निवांत बसून घ्या.

दुसरी गोष्ट, एक थेंबही चालत नाही असं तुम्ही ठरवून टाकलेलं दिसतं. लॅक्टोज न पचणारे बरेच जण एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण कपभर दुधातलं लॅक्टोज, फारशी तक्रार न होता सोसू शकतात. खाण्याबरोबर घेतलं तर आणखी सहज. तुमची मर्यादा याहून कमी असू शकेल, पण ती किती हे तुम्ही कधी पाहिलंय का? एखाद्या सुट्टीच्या दिवशी, घरी, नाश्ता झाल्यावर अर्धी वाटी दुधाची कॉफी घेऊन बघा. ठीक गेलं तर कर्नाटकातल्या हॉटेलातला तो छोटा स्टीलचा पेला अधूनमधून घ्यायला तुम्ही मोकळ्या आहात. फक्त दिवसाची बेरीज विसरू नका. पेढा, आइस्क्रीम, बासुंदी हे सगळं त्याच खात्यात जमा होतं. ताक-दह्यात लॅक्टोज थोडं कमी, साजूक तुपात जवळजवळ नाहीच.

इथे इतर वाचकांसाठी थांबायलाच हवं. दुधाची ॲलर्जी हे प्रकरण निराळं आहे. ती दुधातल्या प्रथिनांची असते, साखरेची नव्हे, आणि तिथे घोटभर दूधही धोक्याचं ठरू शकतं. अशांनी वरची चाचणी करू नये. लॅक्टेजची गोळी आणि लॅक्टोजमुक्त दूध यांचाही त्यांना काही उपयोग नाही, कारण प्रथिनं तिथे तशीच असतात. आणि वजन आपोआप घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी असेल, तर कॉफीचा प्रश्न बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

आता कॉफीकडे वळते.

आपल्या बाजारात फिल्टर कॉफी म्हणून मिळणाऱ्या बहुतेक पुड्यांत चिकोरी असते. 80:20, 70:30 हे आकडे पाकिटावर तुम्ही पाहिलेच असतील. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के हवी, म्हणजे चिकोरी 49 टक्क्यांपर्यंत चालते. चिकोरीने रंग काळाभोर येतो, डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरणारा कॉफीचा अर्क, दाट उतरतं, आणि एक कडवट गोडसरपणा येतो जो दूध-साखरेत बुडत नाही. म्हणजे ती घातलीच जाते दुधासाठी. जोडीला दाणे गडद भाजलेले आणि बऱ्याचदा रोबस्टाचे, तेही दुधाला पुरून उरावेत म्हणून. रोबस्टा आणि अरेबिका या कॉफीच्या दोन मुख्य जाती, आणि रोबस्टात कॅफीनही अरेबिकाच्या जवळपास दुप्पट. अशी पूड नुसत्या पाण्यात प्यायलात तर कडूही लागणार आणि छातीत धडधडायलाही लागणार.

बिनदुधाची प्यायची तर दुकानदाराला सरळ सांगा: चिकोरी नको, अरेबिका हवी, मध्यम भाजलेली. आपल्याकडच्या व्यापारात धुऊन तयार केलेल्या अरेबिकाला 'प्लांटेशन' म्हणतात, तेव्हा 'प्लांटेशन ए' किंवा 'प्लांटेशन पीबेरी' (फळात एकच गोल दाणा धरलेली) असं लिहिलेलं दिसलं तर घ्या. आंबटसर चव अजिबात आवडत नसेल तर सुरुवात 'मान्सून्ड मलबार'ने करा. पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळ्याची दमट हवा खेळवून हे दाणे फुगवतात. ते फिकट पडतात, त्यांचा आंबटपणा उतरतो आणि कॉफी जिभेवर भरदार लागते. दूध सुटलेल्या माणसाला सगळ्यात जास्त चुकल्यासारखं वाटतं ते या भरदारपणाशिवाय. म्हणून पहिली ओळख याच दाण्याशी व्हावी असं मला मनापासून वाटतं.

आणि बिनदुधाची म्हणजे बिनसाखरेची, हे कुठून आलं? काळी कॉफी कोरडी, कडू आणि एका दमात गिळायची अशी काहीतरी समजूत झाली आहे. डॉक्टरांनी साखर बंद केली नसेल तर गोड करून प्या. मलनाडात, म्हणजे चिकमगळूरच्या डोंगरी मुलखात, आणि कोडगूत, म्हणजे कुर्गमध्ये, जुन्या घरांतून गुळाची काळी कॉफी करतात, बेल्लद काफी. ती करायला अगदी सोपी. कपभर पाण्यात सुपारीएवढा गुळाचा खडा टाकून उकळी आणायची. गूळ पूर्ण विरघळला की दोन चहाचे चमचे पूड घालून लगेच गॅस बंद करायचा. पूड उकळत ठेवायची नाही, कडूपणा तिथूनच शिरतो. झाकण ठेवून चार-पाच मिनिटं थांबायचं, पूड तळाला बसते, मग फडक्यातून हलक्या हाताने गाळायचं. वाटलं तर चिमूटभर मिरपूड किंवा सुंठ. दुधात गूळ घातला की नासायची धास्ती असते, इथे तोही प्रश्न नाही. रंग गडद तांबूस येतो आणि गुळाचा खमंगपणा कॉफीच्या भाजलेल्या वासात असा मिसळतो की दूध आठवत नाही. गूळ तर तुमच्या सांगली-कोल्हापूरचाच न्या. जायफळाची आठवण फारच आली तर यातही किसून घाला, छान लागतं.

कुर्गवरून पुढे वायनाडला उतरणार असाल तर तिथे 'कट्टन काप्पी' म्हणजे काळी कॉफी कुठल्याही टपरीवर सहज मिळते, आणि 'चुक्कु काप्पी' म्हणजे सुंठ-मिरी-गुळाची. तमिळ भागात ताडगुळाची करतात. या सगळ्या कॉफ्यांमध्ये मुळातच दूध नाही, म्हणून त्या अपुऱ्याही लागत नाहीत. दंतकथा सांगते की सतराव्या शतकात बाबा बुडन या सुफी संताने येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या. ते बाबाबुडनगिरी तुमच्या वाटेवरच आहे. ज्या अरबी मुलखातून कॉफी इकडे आली तिथे आजही ती वेलदोडे घालून, दुधाशिवाय पितात. कॉफीच्या गावाला जाऊन तुम्ही वेगळं काही मागणार नाही आहात, तिथलंच मागणार आहात.

राहण्याचं ठिकाण इस्टेटीतलं होमस्टे असेल तर निघण्याआधी फोन करा आणि दोनच गोष्टी सांगा: एका माणसाला दूध चालत नाही, आणि तुमच्या बागेतली चिकोरी न घातलेली पूड असेल तर तिची गुळाची काळी कॉफी आवडेल. अशा घरांत ही मागणी ऐकून यजमान खूश होतात. आधी सांगितल्याने त्यांची ऐनवेळी धावपळ होत नाही आणि तुम्हालाही चारचौघांत सांगावं लागत नाही.

रस्त्यावरच्या हॉटेलांत मात्र पद्धत वेगळी. कर्नाटकात डिकॉक्शन आधीच काढून ठेवलेलं असतं, मागणी आली की पेल्यात डिकॉक्शन आणि वरून उकळतं दूध. म्हणजे इथे दूध वगळणं खरं तर सोपं आहे, कारण दोन्ही वेगळी असतात. "हालु बेडा", म्हणजे दूध नको, एवढं कन्नड पुरे. पुढे म्हणा, डिकॉक्शन आणि गरम पाणी वेगवेगळं द्या. एक भाग डिकॉक्शनला तीन-चार भाग पाणी, आणि थोडी साखर. यात चिकोरी असणार हे गृहीत धरा आणि त्यावरून काळ्या कॉफीची परीक्षा करू नका. ही वाटेवरची सोय आहे, इस्टेटीतली कॉफी वेगळी. तमिळनाडूत "पाल वेंडाम", केरळात "पाल वेण्डा".

रेल्वेचं सांगते, कारण मिरजेहून चिकमगळूरजवळच्या कडूर स्टेशनपर्यंत तुम्ही गाडीनेच जाल असं दिसतं. डब्यात फिरणारी कॉफी दूध घालूनच टाकीत भरलेली असते, तिथे मागून काही उपयोग नाही. पुडीतलं 'डेअरी व्हाइटनर' म्हणजेही दुधाची भुकटी आणि साखर. मग उरतं गरम पाणी. घरून चांगल्या थर्मासमध्ये उकळतं पाणी भरून घ्या, ते सहा-सात तास सहज कामाचं राहतं. पुढे स्टेशनवरच्या चहावाल्याकडून भरून घेता येतं. विजेची किटली मात्र डब्यातल्या चार्जिंगच्या सॉकेटला लावू नका, रेल्वेत त्याला मनाई आहे आणि आगीचा धोका खरा आहे.

या गरम पाण्यावर सगळ्यात उत्तम कॉफी होते ती ड्रिप बॅगची. कागदी गाळणीची एक पुडी असते, आत दळलेली 10-12 ग्रॅम कॉफी. वरची कड फाडायची, दोन्ही बाजूंचे पुठ्ठ्याचे कान उघडून कपाच्या काठावर अडकवायचे. आधी फक्त पूड भिजेल एवढंच पाणी ओता आणि अर्धा मिनिट हात आवरा. पूड ताजी असेल तर ती फुगून वर येते, बुडबुडे फुटतात आणि वास आधी वरच्या बर्थवर पोचतो. मग थोडंथोडं करत एकूण 150-160 मिलिलिटर पाणी. दोन-तीन मिनिटांत कप तयार. गाळणी पिशवीत गुंडाळून ठेवा, खिडकीतून टाकू नका. गाडी हलत असताना कप अर्ध्याहून जास्त भरू नका आणि मुलं शेजारी असतील तर स्टेशनवर गाडी थांबेपर्यंत धीर धरा.

आंबट लागली तर पाणी कोमट झालं होतं किंवा फार भराभर ओतलं. कडू लागली तर फार वेळ भिजली. पुढच्या कपाला तेवढं बदला. एवढ्यावर ही कॉफी हाताला बसते. ज्यांना याचा छंदच लागेल त्यांनी पुढे एअरोप्रेस, म्हणजे हाताने दाबून कॉफी गाळायचं नळकांडं, घ्यावा. हलका, न फुटणारा, आणि धुवायला दोन घोट पाणी पुरतं. मोका पॉटला, म्हणजे वाफेच्या दाबावर कॉफी काढणाऱ्या छोट्या भांड्याला, शेगडी लागते, म्हणून तो गाडीतल्यापेक्षा होमस्टेतल्या स्वयंपाकघरात कामाचा.

ड्रिप बॅग महाग वाटली तर इन्स्टंट कॉफी आहे, पण बरणी उलटून मागचं वाचा. आपल्याकडच्या अनेक इन्स्टंट कॉफीतही चिकोरी असते. 'शंभर टक्के कॉफी' असेल तीच घ्या, आणि ती काळी पिताना नेहमीपेक्षा कमी घाला. आपण दुधाच्या सवयीने चमचा भरून टाकतो.

आता ती पुडकी. सोया किंवा ओट्सचं पेय बरोबर न्यायचंच असेल तर छोटी, 200 मिलिलिटरची टेट्रापाकं न्या. बंद पाकीट बाहेर टिकतं, उघडलेलं तसं टिकत नाही, आणि प्रवासात लिटरचं पाकीट उघडलं की निम्मं वाया जातं. दुकानात मागताना हेही लक्षात असू द्या की वनस्पतींपासून केलेल्या या पेयांना पाकिटावर 'दूध' म्हणायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2021 मध्ये हरकत घेतली. त्यामुळे 'ड्रिंक' किंवा 'बेव्हरेज' असं लिहिलेलं शोधा. साखर घातलेली आहे का तेही बघा. छोट्या पाकिटांत ती बहुधा असते.

सोयाचं पेय गरम कॉफीत फुटतं हा अनुभव तुम्हाला घरी आलाच असेल. कॉफी आम्लधर्मी, त्यात ती उकळती, आणि गार पेय एकदम पडलं की सोयाची प्रथिनं गोळा होतात. पेय आधी कोमट करा, कॉफीला दोन मिनिटं निवू द्या, आणि पेयात कॉफी हळूहळू ओता, उलटं नको. गडद भाजणीची कॉफी कमी आंबट, म्हणून तिच्यात फुटण्याचं प्रमाणही कमी. 'बरिस्ता' असं लिहिलेल्या पाकिटांत आम्लता आवरणारे क्षार घातलेले असतात, ती सहसा फुटत नाहीत. ओट्सचं पेय स्वभावतःच गोडसर, कारण ते करताना विकरं घालून ओट्सचं पिष्ट मोडतात. कॉफीला तेच जास्त मानवतं. बदामाचं मला प्रवासात पटत नाही, पातळ असतं आणि कपात हरवून जातं.

नारळाच्या दुधाचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही. कोकणात, गोव्यात, किनारी कर्नाटकात ते रोजच्या स्वयंपाकातलं. त्याची भुकटी छोट्या पुड्यांत मिळते, सामानात जड होत नाही आणि गरम पाण्यात लगेच मिसळते. दाट डिकॉक्शन, गूळ आणि नारळाचं दूध हे त्रिकूट मला ओट्सपेक्षाही आवडतं. तेलाचे डोळे वर तरंगले तर ढवळा, बिघडलेलं नसतं. काही भुकट्यांत सोडियम केसिनेट असतं. ते दुधातलं प्रथिन आहे. तुम्हाला त्याने अडणार नाही, पण दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती पुडी घेऊ नये. 'नॉन-डेअरी क्रीमर'चंही तेच.

आणि तुमची लाडकी जायफळाची कॉफी? ती सोडायचं काही कारणच नाही. लॅक्टोजमुक्त दूध टेट्रापाकात मिळतं. ते गायी-म्हशीचंच दूध असतं, फक्त त्यात लॅक्टेज घालून साखर आधीच फोडलेली असते, म्हणून थोडं गोड लागतं. साखर जरा कमी घाला. दोन वर्षं तुम्ही सोया-ओट्सवर काढलीत, हे दूध एकदा करून बघायला हवं होतं असं मला वाटलं. महाग पडतं, रोज नको, पण दिवाळीच्या पहाटेला जरूर आणा. प्रवासात खोलीत फ्रिज असेल तिथेच उघडा.

लॅक्टेजच्या गोळ्या औषधांच्या दुकानांत मिळतात. डॉक्टरांना विचारून दोन-चार जवळ ठेवा. ती पहिल्या घोटाबरोबर घ्यायची असते. त्रास सुरू झाल्यावर घेऊन फायदा नाही, आणि सकाळची गोळी संध्याकाळच्या बासुंदीला पुरत नाही. लग्नघरी, कुणी प्रेमाने पेला हातात ठेवला आणि नाही म्हणणं जिवावर आलं, अशा वेळेसाठी ती चांगली. रोजच्या कॉफीसाठी तिच्यावर विसंबून राहावं असं मला वाटत नाही, कारण चिकमगळूरच्या काळ्या कॉफीला गोळीची गरजच नाही.

दूध कमी झालं की कॅल्शियमकडे लक्ष द्या, तुमच्या वयात विशेष. नाचणी, तीळ, आणि चालत असेल तेवढं दही-ताक.

लाजेबद्दल लिहायचं मी शेवटी ठेवलं, कारण ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुम्ही लिहिता, जागोजागी सांगायची लाज वाटते. कुणाला तिखट चालत नाही, कुणाचा उपास असतो, कुणाला बिनसाखरेचा चहा लागतो, आणि आपल्या घरांतून हे सगळं निमूट सांभाळलं जातं. तुमच्या घरातही तुम्हीच ते सांभाळत आला असाल. मग तुमच्या पोटाचा विषय निघाला की त्याला कौतुक का म्हणायचं? आंबोलीत गाडी थांबली याचं तुम्हाला ओझं वाटतंय, म्हणून पुढच्या वेळी सांगणं आणखी जड झालंय. प्रत्येक हॉटेलात खुलासा देऊ नका. निघायच्या आदल्या दिवशी सगळे एकत्र असताना दिरांना आणि जावेला एकदाच सांगा: "मला दूध पचत नाही, माझी कॉफी मी वेगळी सांगणार आहे, तुम्ही तुमची नेहमीची घ्या." बस. कारण नको, माफी नको. जाऊबाईंनी पुन्हा काही म्हटलं तर तेच वाक्य शांतपणे पुन्हा म्हणा आणि विषय बदला. त्यांनी मुद्दाम दुखवायला म्हटलं असेल असं तुमच्या पत्रावरून तरी मला वाटत नाही. पण मनात राहिलं असेल तर घाटात नव्हे, घरी, दोघीच असताना बोला.

प्रवासाला अजून अवकाश आहे, तेव्हा या आठवड्यातच थोडी अरेबिका आणा आणि घरी करायला लागा. पहिले काही कप गुळाचे करा, मग गूळ कमी करत जा किंवा तेवढाच ठेवा, जसं आवडेल तसं. नव्या चवीशी ओळख परक्या गावात, घाईत, सगळ्यांच्या नजरेसमोर करू नका. ड्रिप बॅगही एकदा घरीच ओतून बघा. आणि इस्टेटीतून परतताना कॉफी घ्याल तेव्हा चिकोरी नसलेली, आणि पाकिटावर भाजल्याची तारीख असलेलीच घ्या. घरी दळायची सोय असेल तर दाणे, नसेल तर पाव किलो पूड पुरे. हवाबंद डब्यात, गॅसपासून लांब ठेवा आणि महिन्याभरात संपवा.